रिकाम्या चौथऱ्यावरचे यंत्र

तांडेल मास्तरांना खुर्चीवर बसलेले मी पाहिले ते केवळ जेवणाच्या सुट्टीत. एरवी सकाळी सातच्या भोंग्यापासून दुपारी तीनला पहिली पाळी सुटेपर्यंत ते उभेच असत. प्रशिक्षण विभागात त्यांच्यासाठी टेबल होते, त्यावर नावाची पाटीही होती; परंतु खुर्चीच्या पाठीला त्यांच्या डब्याची कापडी पिशवी अडकवलेली असे, याहून अधिक त्या खुर्चीचा उपयोग नव्हता.

मी त्या विभागाचा लिपिक. वडिलांनी मला लहानपणी पाठशाळेत घातले. पुढे संस्कृत घेऊन पदवीधर झालो आणि उदरनिर्वाहासाठी ठाण्याजवळच्या त्या मोठ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारांच्या नोंदी ठेवण्याचे काम पत्करले. पहाटे संध्या आटोपून डोंबिवलीहून कंपनीची बस धरायची आणि दिवसभर हजेरीपट, अर्ज व नोंदवह्या यांत मान घालून बसायचे, हा क्रम तेहेतीस वर्षे चालला. माझ्या टेबलापुढे काचेची भिंत होती. तिच्या पलीकडे कार्यशाळा, आणि तेहेतीसांपैकी सव्वीस वर्षे त्या कार्यशाळेत उभे असलेले तांडेल मास्तर. परमेश्वराने कोणाच्या हाती कोणती विद्या ठेवली आहे हे पोथीतून कळत नाही, हे मला त्या काचेतून पाहता पाहता, फार सावकाश, उमगले.

मास्तर खाडीकाठचे कोळी. कोपरच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला त्यांचे घर. वडील, चुलते, थोरले भाऊ सारे होडीवर गेलेले. यांची शाळा नववीत सुटली आणि हे लोखंडाकडे वळले. भरती-ओहोटीचे वेळापत्रक मात्र अखेरपर्यंत त्यांच्या डोक्यात होते. आम्ही प्रथम एकत्र जेवायला बसलो त्या दिवशी त्यांनी भिंतीवरचा पंखा वारा कोणीकडे फेकतो ते न्याहाळले आणि आपली खुर्ची उचलून माझ्या पलीकडच्या अंगाला नेली.

“वारा बघून बसतो, गुरुजी,” ते म्हणाले. “माझा बोंबील तुमच्या देवापर्यंत नको जायला.”

मी ओशाळलो. काही दिवसांनी मीच त्यांना विनंती केली की आपण जवळ बसावे, वासाने माझे काही बिघडत नाही. त्यांनी ती मानली नाही. माझे बिघडत नसेल, पण मी घास चावायचा थांबतो, ते त्यांना दिसते, असे त्यांनी हसत सांगितले. ते खरे होते. सव्वीस वर्षे त्यांनी वारा पाहूनच खुर्ची मांडली, आणि त्यात रागाचा वा उपकाराचा लवलेश मला कधी आढळला नाही.

दरवर्षी नव्या तुकडीला ते पहिल्या दिवशी एकेक लोखंडी ठोकळा आणि एकेक कानस देत. ठोकळ्याच्या साही बाजू सपाट आणि परस्परांशी काटकोनात येईपर्यंत हाताने घासायच्या. यंत्राला स्पर्श त्यानंतर. कोणाला तीन आठवडे लागत, कोणाला पाच. ठोकळा घेऊन उमेदवार आला की मास्तर त्याच्या कडेला काटकोन तपासायचा पोलादी गुण्या लावत, तो खिडकीपुढे धरत आणि एक डोळा मिटून पाहत. गुण्या आणि लोखंड यांच्या सांध्यातून केसाएवढी जरी प्रकाशरेघ दिसली तरी ठोकळा परत. “उजेड येतोय, बाला,” एवढेच ते म्हणत. मी ज्या परंपरेत वाढलो तिने मला जन्मभर प्रकाश मागायला शिकवले होते; हा मनुष्य प्रकाश शिरणार नाही असे काम मागत होता, आणि तेही उपासनाच होती याविषयी मला शंका उरली नाही.

पदवी घेऊन आलेल्या मुलांना हे अपमानास्पद वाटे. एकाने एकदा उघड सांगितले की आम्ही इंजिनिअर आहोत, कानस मारायला आयटीआयवाले असतात. मास्तर त्यावर रागावले नाहीत. त्यांनी त्याला कागद दिला आणि सांगितले की कुठे किती घासायचे ते तू काढून दे, मी घासतो. मुलाने मापे घेतली, गणित मांडले, आकडे लिहून दिले. मास्तरांनी बरोबर तेवढेच घासले, गुण्या लावला आणि ठोकळा त्याच्याच हाती दिला. उजेड येत होता.

“गणित तुझं बरोबर असंल,” मास्तर म्हणाले. “लोखंडाला सांगायचं राहिलं.”

वर्षाअखेरीस प्रत्येक उमेदवाराची नोंदवही त्यांच्याकडे सहीसाठी जाई. कोणत्या दिवशी कोणते काम शिकलो, कोणत्या यंत्रावर, त्याची आकृती, असे सर्व त्या वहीत लिहायचे असते. प्रशिक्षकाची सही झाल्यावर ती वही सरकारी कार्यालयात जाते आणि मग प्रमाणपत्र मिळते. मास्तर त्या दिवशी साबणाने हात धूत, पालथ्या हातांचे ग्रीससुद्धा निघेपर्यंत चोळत, कोरड्या फडक्याने पुसत आणि मगच पहिली वही उघडत. ओळीखाली बोट फिरवत ते प्रत्येक पान वाचत. दिवसाकाठी पाच-सहा वह्या होत. पूजेला बसणारे अनेक जण मी पाहिले आहेत. त्या हात धुण्याइतकी शुचिता त्यांतल्या थोड्यांत होती.

परंतु माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कारखान्याची रीत पालटली. मागणी वाढली, कायमचे कामगार कमी झाले, आणि शिकाऊ उमेदवार ही शिकवण्याची नव्हे तर वापरण्याची माणसे झाली. नवी तुकडी दोन आठवडे कार्यशाळेत राही, न राही, तोच तिला विजेची पॅनेले जोडण्याच्या लाइनवर पाठवीत. मास्तर तेव्हा निवृत्तीचे वय उलटून मुदतवाढीवर होते. गुडघे दुखत, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. पहिल्या वर्षी त्यांनी विभागप्रमुखांकडे जाऊन तक्रार केली. दुसऱ्या वर्षी अर्ज दिला. तो मीच लिहून दिला होता. तिसऱ्या वर्षी ते गेले नाहीत. रिकाम्या कार्यशाळेत ते कानशी रॉकेलने पुसत उभे राहत, आणि मी काचेच्या अलीकडे हजेरी भरत असे.

त्या तिसऱ्या वर्षाच्या तुकडीत बावीस जण होते. त्यांत आंबिवलीची एक मुलगी होती, प्रज्ञा. वडील टपाल खात्यात पोस्टमन, घर बौद्ध वस्तीतल्या चाळीत. ती घराण्यातली पहिली इंजिनिअर. अर्ज भरताना माझ्या टेबलावरची स्तोत्राची पुस्तिका पाहून तिने सांगितले होते की तिची आजी रोज सकाळी पालीत वंदना म्हणते. मी त्यातले शब्द विचारले, तिने म्हणून दाखवले, आणि तेव्हापासून ती मला काका म्हणू लागली. पहाटे साडेपाचला घर सोडून ती शीळफाट्याकडून येणारी कंपनीची बस गाठी. लाइनवर तिच्या वाट्याला एका दरवाजाचे चार स्क्रू आले होते. पॅनेल समोर येई, ती चार स्क्रू आवळी, पॅनेल पुढे जाई. असे साडेनऊ महिने. कायमचे कामगार निळ्या गणवेशात, हे करड्या. कॅन्टीनमध्ये रांगही वेगळी. एकदा मी तिला काय शिकलीस असे सहज विचारले. ती म्हणाली, “काका, आता मी डोळे मिटून चार स्क्रू मारते. पाचवा दिला तर मला ट्रेनिंग लागेल.”

वर्ष संपत आले तशा नोंदवह्या जमा करण्याची सूचना मी फलकावर लावली. मुले गोंधळली. काय लिहायचे? चार स्क्रूंनी बारा महिन्यांची वही भरत नाही. दोघे-तिघे माझ्याकडे आले, नमुना मागितला, आणि मी मागच्या वर्षीच्या एका उमेदवाराची राहून गेलेली वही त्यांना दिली. केवळ मांडणी कळावी म्हणून दिली, असे मी स्वतःला सांगितले. ते नकलून काढतील हे मला ठाऊक नव्हते असे मात्र म्हणवत नाही. आठवड्याभरात बावीस वह्या माझ्या टेबलावर आल्या. मी न वाचता विभागाचा शिक्का मारला आणि मास्तरांकडे पाठवल्या.

मास्तरांनी हात धुतले आणि वाचायला घेतले. तिसऱ्या वहीपाशी त्यांचे बोट थांबले. त्यांनी चौथी उघडली, पाचवी उघडली, मग सगळ्यांचे तेच एक पान काढून पाहिले. बावीसही उमेदवारांनी लिहिले होते की आम्ही आठ दिवस शेपिंग मशीनवर काम केले. खाली यंत्राची आकृती, सुबक, छायांकित. कार्यशाळेच्या कोपऱ्यातले ते लोखंड तासायचे जुने शेपिंग मशीन दिवाळीच्या सुट्टीत भंगारात निघाले होते. ज्या दोन आठवड्यांत ही मुले कार्यशाळेत होती त्यापूर्वीच ते गेले होते. तिथे आता सिमेंटचा चौथरा होता, आणि त्यातून वर आलेले चार गंजके बोल्ट.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मास्तरांनी सर्वांना त्या चौथऱ्याभोवती उभे केले. मीही काचेमागून उठून आत गेलो. जाणे भाग होते.

“आठ दिवस चालवलंत ना?” मास्तरांनी विचारले. “दाखवा मला. चालू करा.”

कोणी हलेना. मग मागून एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, लाइट गेलीय.”

सगळे हसले. मास्तरही हसले, अगदी मोकळे, खांदे हलवून; आणि हसता हसता त्यांनी शेजारच्या बाकाचा आधार घेतला. मग त्यांनी सांगितले की या पानांवर मी सही करणार नाही. मुलांचे चेहरे उतरले. कोणाला नोकरीसाठी, कोणाला पुढच्या परीक्षेसाठी प्रमाणपत्र हवे होते. प्रज्ञाची एका मोठ्या कंपनीत मुलाखत ठरली होती आणि प्रमाणपत्राविना तिला आत घेणार नव्हते. ती पुढे आली.

“सर, आम्ही खोटं लिहिलं, मान्य,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “पण आम्हाला शिकवलं असतं तर आम्ही खोटं लिहिलं असतं का? साडेनऊ महिने आम्ही त्या शेडमध्ये होतो. तुम्ही इथे होता. मधे एक दरवाजा आहे, सर.”

 मास्तर चौथऱ्याकडे पाहत राहिले.  

“बरोबर बोललीस, बाय,” अखेरीस ते म्हणाले. “मी दरवाजा नाय उघडला.”

सगळे गेल्यावर मी त्यांच्याजवळ कबूल केले की नमुन्याची वही मी दिली, शिक्काही मीच न वाचता मारला. त्यांनी मान डोलावली. “तुम्ही वाचलं नाय, मी बघितलं नाय,” ते म्हणाले. “दोघांची एकच होडी, गुरुजी.” मला क्षमा मिळाली की नाही हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विभागप्रमुखांकडे गेले. प्रमुख वयाने तरुण, वागायला सभ्य. त्यांनी मास्तरांना बसायला सांगितले. मास्तर उभेच राहिले. तीन आठवडे मुले कार्यशाळेत द्या, ही त्यांची मागणी. लाइन थांबवता येणार नाही, हे प्रमुखांचे उत्तर. शेवटी ठरले ते असे की पहिली पाळी सुटल्यावर मुले स्वखुशीने थांबली तर कंपनीची हरकत नाही; मास्तरांनी थांबावे असे मात्र कंपनी सांगत नाही. वह्या वेळेत गेल्या पाहिजेत, एवढे त्यांनी दोनदा बजावले.

तीन ते साडेसहा, असे एकोणीस दिवस. आठ तास स्क्रू आवळून आलेली मुले पुन्हा कानस धरून उभी राहत. पहिल्या दिवशी सर्व बावीस होती. आठवड्याअखेरीस चौदा उरली. कोणाचे घर दूर, कोणाचा दुसरा क्लास, कोणाचे शरीरच नाही म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही. बस गेलेली असे, म्हणून परतीची वाट ज्याची त्याने पाहायची. मास्तर बाकाच्या कडेला एक हात टेकून फिरत. पूर्वी ते दुरून पाहून चूक सांगत; आता त्यांना ठोकळा डाव्या डोळ्याजवळ आणावा लागे. प्रज्ञाचा ठोकळा त्यांनी नऊ वेळा परत केला. नवव्या वेळी तिने तो बाकावर आपटला आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतले. तळहातांवर फोड फुटले होते. ती परत आली तेव्हा मास्तरांनी कानशीची मूठ तिच्याकडे करून ती पुढे धरली आणि म्हणाले की घरी जायचे असेल तर जा, सही मात्र होणार नाही. तिने कानस घेतली. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. त्या मुलीची मुलाखत दहा दिवसांवर होती.

दहाव्या वेळी उजेड आला नाही. मास्तरांनी गुण्या तिच्याच हाती दिला, खिडकीपाशी नेऊन तिलाच पाहायला लावले, आणि स्वतः पाहिले नाही.

शेपिंग मशीनच्या पानावर काय करायचे हा प्रश्न उरला. ते पान फाडू द्यायला मास्तर तयार नव्हते. त्यांनी सांगितले की मजकुरावर एक सरळ रेघ मारा, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि खाली लिहा की यंत्र जागेवर नव्हते, म्हणून हे काम हाताने केले. चौदा जणांनी तसे लिहिले. राहिलेल्या आठांच्या वह्यांत जे प्रत्यक्ष झाले त्यावरच त्यांनी सही केली. बाकीची पाने सहीविना राहिली. त्यांतला एक जण मास्तरांना तोंडावर म्हणाला की तुमचं काय जातं, तुमचं आयुष्य झालं, आमचं का अडवता.  रेघा मारलेली पाने पाहून विभागप्रमुख संतापले, परंतु पुन्हा वह्या लिहून घेण्याइतका वेळ उरला नव्हता.

त्या वह्या घेऊन मीच सरकारी कार्यालयात गेलो. मनात उत्तरे जुळवून ठेवली होती: रेघ का मारली, सही का नाही. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी गठ्ठा घेतला, वह्या मोजल्या, प्रत्येकीचे शेवटचे पान उघडले आणि शिक्का मारला. बावीसांवर. कोणतेही आतले पान त्यांनी उघडले नाही. चौदांवर आणि आठांवर शाई सारखीच उमटली.

परत येऊन मी मास्तरांना सांगितले. ते कानशी पुसत होते.

“बिनसहीच्या वह्यांवरपण?” त्यांनी विचारले.

मी होय म्हणालो.

“बरं,” ते म्हणाले. हातातली कानस पुसून खाली ठेवली, पुढची उचलली. मी पुष्कळ शोकसभांना गेलो आहे. त्या ‘बरं’एवढा थकलेला शब्द मी कोठे ऐकला नाही. सांत्वन करावे म्हणून मी वाक्य शोधले. संस्कृतात मला अशी शेकडो वाक्ये पाठ आहेत. मी काचेच्या अलीकडे जाऊन हजेरीपट उघडला.

त्यांची मुदतवाढ त्या महिन्यात संपली आणि पुढे मिळाली नाही. निरोप समारंभात शाल-श्रीफळ दिले, पेढे वाटले. लाइनवरून मुलांना सोडता आले नाही, त्यामुळे समारंभाला आम्ही सहा जण होतो.

प्रज्ञाला त्या मोठ्या कंपनीत नोकरी मिळाली नाही. का, ते तिला कोणी सांगितले नाही. चार महिन्यांनी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, साचे तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात तिला काम लागले. तिने मला फोन केला की मास्तरांना सांगायला जायचे आहे, तुम्ही याल का. एका रविवारी दुपारी आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. तोवर मीही निवृत्त झालो होतो.

अंगणात जाळी वाळत घातली होती. पडवीत खाटेवर मास्तर झोपले होते, भिंतीकडे तोंड करून, एक हात कमरेवर. बसलेलेही ज्यांना जेवणापुरतेच पाहिले त्यांना आडवे पाहून मी दाराशीच थांबलो. त्यांच्या पत्नीने आम्हाला आत बोलावले, पाणी दिले. उठवू का, असे तिने विचारले. प्रज्ञाने नको म्हटले. आम्ही बराच वेळ थांबलो, पण झोप फार गाढ होती. बाईने सांगितले की हल्ली ते असेच झोपतात, दुपार नाही, सांज नाही.

“कंपनीनं शेवटाला लई राबवलं हो त्यांना,” ती म्हणाली. “पाळी सुटल्यावर जबरदस्तीनं थांबवायची. डोळ्याचं ऑपरेशन लांबवलं त्यापायी. मी सांगत होते, नाय म्हणून सांगा. तर म्हणायचे, साहेबाचा हुकूम हाय, मी काय करू.”

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिले. कोणाचा हुकूम नव्हता. कंपनी सांगत नाही, हे कंपनीने स्पष्ट सांगितले होते. ज्या मनुष्याने बावीस वह्यांत एकाही खोट्या ओळीवर सही केली नाही, त्याने घरी एकोणीस दिवस हे सांगितले होते.

“हो, काकी,” प्रज्ञा म्हणाली. “फार राबवलं.”

बाईने माझ्याकडे वळून पाहिले, वडीलधाऱ्या माणसाकडून दुजोरा घ्यावा तसे. मीही होय म्हणालो.

पेढ्यांचा पुडा खाटेच्या उशाशी ठेवून आम्ही निघालो. मास्तरांनी कूस बदलली नाही. त्यानंतर त्यांचे दर्शन मला घडले नाही; पुढच्या आषाढात ते गेले. असत्य भाषणाचे प्रायश्चित्त शास्त्रात सांगितलेले आहे आणि लहानसहान दोषांसाठी मी ते आजवर नियमाने घेत आलो आहे. त्या दुपारचे घेतलेले नाही. घ्यावे असे वाटतही नाही.